एफसी, पंधरा मिनिटं

तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या त्या रिगवर त्याला सगळे शॉर्टफॉर्म म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतः कमावलेलं होतं. बावीस वर्षं तो एकच काम करत आला होता: चोवीस तासांत विहिरीवर जे काही झालं ते सगळं एका कागदावर बसवायचं. कागदाला चौकटी होत्या आणि एका चौकटीत चाळीस अक्षरं मावत. शिवाय रोज सकाळी सहाला तो कागद वायरलेसवर अक्षर अक्षर वाचून दाखवावा लागे, आणि पलीकडे शहरातल्या ऑफिसात बसलेला कारकून कायम अर्धवट झोपेत असे. मग लांबड कोण लावणार?

म्हणून शॉर्टफॉर्मची बोटं आपोआप चालत. पीओओएच म्हणजे पाइप भोकातून बाहेर काढणे. आरआयएच म्हणजे पाइप भोकात सोडणे. डब्ल्यूओसी म्हणजे सिमेंट घट्ट होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे. एनपीटी म्हणजे वाया गेलेला वेळ, आणि ही अक्षरं उमटू लागली की सगळ्यांचे कान टवकारत. नवे इंजिनिअर पहिल्या दिवशी तो कागद हातात घेत आणि त्यांचं तोंड उतरे. मग ते निमूटपणे शॉर्टफॉर्मच्या टेबलाशी येत. तो खिशातून रबरबँड लावलेली वही काढी, कपाळावरचा चष्मा नाकावर घेई आणि एकेक अक्षर उलगडून सांगे. त्यात त्याला भारी सुख होतं. धाकट्या बहिणीला तो सामानाची यादीही अशीच आखडून पाठवी. ती म्हणे, "दादा, घरी तरी पूर्ण बोल. शब्द काय दळून आणावे लागतात का रे?"

या धंद्याची बोलीच मुळात मारामारीची. जमिनीखालचा वायू विहिरीत घुसला की विहिरीने 'किक' मारली म्हणायचं. जड चिखल ओतून तिला गप्प केलं की तिला 'किल' केलं. आणि माणसंही तशीच वागत. रिगचा मुख्य मुकादम टूलपुशर होता, त्याला सगळे नुसतं पुशर म्हणत. तो आडदांड होता, आणि हातात जे असेल त्याने मारायचा. एकदा त्याने एका मजुराच्या पाठीत साखळी हाणली, कारण काय तर तो खाली बघून चालत होता. एकदा हेल्मेटनेच एकाचे दात पाडले. जेवणाच्या खोलीत यावर हसणंही होई, आणि हसणाऱ्यांत शॉर्टफॉर्म असे. हे लपवण्यात अर्थ नाही.

एका दुपारी पाइप आवळायच्या लोखंडी चिमट्यात एका मजुराचा हात सापडला. दोन बोटं तिथेच राहिली. तो माणूस आधी ओरडलाच नाही, हाताकडे बघत राहिला, आणि मग असा ओरडला की पंपांचा आवाज ऐकू येईना. शॉर्टफॉर्मने लिहिलं: 'आयपी, २ बोटं, उ.हा., एनपीटी २० मि.' आयपी म्हणजे जखमी माणूस, उ.हा. म्हणजे उजवा हात. वीस मिनिटं वाया गेली ती फरशीवरचं रक्त पाण्याच्या पाइपने धुण्यात. पुशरने कागद वाचला आणि विसाचे दहा करायला लावले. शॉर्टफॉर्मने केले. चौकटीत अक्षरं बरोबर बसली याचं त्याला त्या दिवशीही बरं वाटलं होतं.

त्याच वर्षी त्याने आपल्या दाजींना रिगवर चिकटवलं. दाजी म्हणजे धाकटीचा नवरा. आधी ते उंच टॉवर रंगवायचे, त्यामुळे उंचीचं भय नव्हतं. त्यांना डेरिकमनचं काम मिळालं. जमिनीपासून नव्वद फुटांवर, मनोऱ्यात एका फळीवर उभं राहायचं, कमरेला पट्टा बांधायचा आणि वर येणारे पाइप बगलेत धरून ओळीने उभे करायचे. दाजी कमी बोलत आणि विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत. रंगाच्या कामात पट्टा न तपासलेला एक सोबती त्यांनी डोळ्यांदेखत खाली पडताना पाहिला होता. तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत, आणि लोक त्यांची टिंगल करत.

टिंगल एकाच दिवशी थांबली. पुशर एका पोरसवदा मजुराला पान्याने मारत होता. दाजींनी मागून येऊन त्याचं मनगट धरलं आणि पान्यासकट पिरगाळलं. पुशर गुडघ्यावर आला. दाजी शांतपणे म्हणाले, "साहेब, तो खाली पडला तर काम थांबेल." एवढंच. पुशरने मनगट चोळलं, हसला, आणि त्यानंतर दाजींकडे कधी सरळ नजरेने पाहिलं नाही.

आता एफसी. एफसी म्हणजे फ्लो चेक, आणि तो कळला तरच पुढचं कळेल. पाइप वर ओढायला सुरुवात करण्याआधी पंप बंद करायचा आणि पंधरा मिनिटं विहिरीच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. पंप बंद असताना चिखल आपोआप वर येत असेल तर खाली वायू शिरलाय, आता पाइपाला हात लावायचा नाही. चिखल स्थिर असेल तर निगेटिव्ह, ओढा खुशाल. बस, इतकं साधं काम. त्याला ना यंत्र लागतं ना ताकद.

पण पुशरला पंधरा मिनिटं म्हणजे पोटात दुखल्यासारखं होई. "नुसतं भोकाकडे बघत उभं राहायचं? देवदर्शनाला आलोय का आपण?" असं म्हणून तो पंप बंद होताच ओढायचा इशारा देई. आणि शॉर्टफॉर्मकडे वळून दोन बोटं टेबलावर आपटल्यासारखी करी, म्हणजे टाइप कर. सुरुवातीला शॉर्टफॉर्मचा हात अडखळला. पहिल्या महिन्यात त्याने एकदा विचारलंही, "झाला नाही तर लिहू कसं?" पुशरने त्याची कॉलर धरून त्याचं डोकं लोखंडी भिंतीवर टेकवलं, जोरात नाही, आपटलं असं म्हणता येणार नाही इतकंच. पुढे इशाऱ्याची गरज उरली नाही. पंपाचा आवाज थांबला की शॉर्टफॉर्मची बोटं आपणहून उमटवत: 'एफसी १५ मि, एनईजी.' कितीतरी विहिरी अशाच झाल्या. काही बिघडलं नाही. न बघता लिहिलेलं खरं निघत गेलं, आणि शॉर्टफॉर्मला ते खरंच वाटू लागलं.

तो दिवस उन्हाचा होता. दुपारी सव्वातीनला पंप थांबला. रिगच्या फरशीला लागून एक पत्र्याची खोली होती. तिथे खोदायचं यंत्र चालवणारा ड्रिलर चहा पिई, हातमोजे वाळत आणि टाइपरायटर ठेवलेला असे. शॉर्टफॉर्म तिथे बसला होता. त्याने ओळ टाइप केली. ओळीच्या शेवटची घंटी वाजली तेव्हा दाजी दारात उभे होते, नुकतेच जेवणाच्या खोलीतून आलेले, हेल्मेट हातात, पट्टा कमरेला.

"दादा, चेक झाला ना?"

"झाला. लिहिलंय."

त्याने मान वर केली नाही. त्याला वेळेचा खाडाखोड केलेला एक आकडा सुधारायचा होता. दाजींनी क्षणभर वाट पाहिली. एरवी ते दुसऱ्यांदा विचारत. पण हा बायकोचा भाऊ होता, आणि कागदावर अक्षरं उमटलेली त्यांना दिसत होती. त्यांनी हेल्मेट घातलं आणि शिडी चढायला लागले. लोखंडी शिडीवर त्यांच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

चार वाजून सात मिनिटांनी विहीर फुटली.

आधी फरशी थरथरली आणि चहाचा कप टेबलावरून चालत जाऊन खाली पडला. मग विहिरीच्या तोंडातून चिखल वर आला, कारंज्यासारखा नाही, भिंतीसारखा, एकदम. त्यात दगड होते. एक दगड खोलीच्या पत्र्यातून आरपार गेला. ड्रिलरने झडप बंद करायच्या दांड्यावर झेप घेतली, पण त्याआधीच तीन पाइप भोकातून उसळून आले आणि मनोऱ्याच्या लोखंडात ओल्या दोरीसारखे गुंडाळले गेले. एकाच्या टोकाने ड्रिलरचा खांदा फोडला. शॉर्टफॉर्म दाराबाहेर फेकला गेला आणि जिन्यावरून खाली घसरला. डावा कान फुटल्यासारखा झाला. त्याने वर पाहिलं.

दाजी फळीवर होते. सुटकेसाठी मनोऱ्यापासून जमिनीपर्यंत तिरपी तार लावलेली असते, तिच्या कप्पीला लटकून खाली घसरायचं. दाजींनी पट्टा सोडला होता, एक हात कप्पीवर पोचला होता. तेवढ्यात कुठूनतरी ठिणगी पडली. आग खालून वर गेली, एका श्वासात, आणि तिचा आवाज शॉर्टफॉर्मला फक्त उजव्या कानात ऐकू आला. दाजी तारेवर आले. जळत आले. अर्ध्या वाटेत त्यांचा हात सुटला. ते पडले तिथे शॉर्टफॉर्म रांगत गेला, आणि त्याने जे हातात घेतलं त्यातलं चेहऱ्याचं काही ओळखू येत नव्हतं. कमरेचा पट्टा ओळखू आला.

आणखी तीन माणसं भाजली. त्यातला एक मजूर आठव्या दिवशी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वायरलेस खरखरला. शॉर्टफॉर्म कानाला फडकं बांधून बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं कोण वाचणार? त्याने वाचलं: 'सव्वातीन, एफसी १५ मि, एनईजी. साडेतीन, पीओओएच. चार सात, विहीर फुटली. एफएटी १.' एफएटी म्हणजे मृत्यू. पलीकडचा कारकून म्हणाला, "शेवटचं परत सांग." शॉर्टफॉर्मने सांगितलं. "परत." तिसऱ्यांदा सांगताना त्याने माइक टेबलावर आपटला, आपटतच राहिला, प्लास्टिकचे तुकडे उडाले आणि तळहात रक्ताळला. पलीकडून आवाज येत राहिला, "ऐकू येत नाही, परत सांग."

महिन्याभरात कंपनीचं पत्र धाकटीच्या घरी आलं. ती ते घेऊन भावाच्या खोलीवर आली आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं.

"वाच. मला कळत नाही. तुझ्याच भाषेत आहे."

पत्रात एक ओळ होती: 'संभाव्य कारण: डीएमने टीटीवर लक्ष ठेवले नाही.' शॉर्टफॉर्मने उलगडून सांगितलं. डीएम म्हणजे डेरिकमन. टीटी म्हणजे एक छोटी टाकी. पाइप बाहेर काढताना विहीर किती चिखल पिते ते तिच्यावरून कळतं; कमी प्यायली तर खाली वायू शिरतोय. सांगताना त्याचा आवाज सपाट होता. फ्लो चेक निगेटिव्ह होता, म्हणजे ओढायला सुरुवात केली तेव्हा विहीर शांत होती, म्हणजे चूक त्यानंतर झाली, म्हणजे ज्याच्याकडे टाकी त्याची. हिशोब चोख बसत होता. ती टाकी जमिनीवर, पंपांच्या मागे होती, आणि नव्वद फुटांवरून ती कुणालाच दिसत नाही, हे पत्रात नव्हतं.

"म्हणजे यांच्यामुळे?" धाकटीने विचारलं. "तो दुसरा माणूस मेला तोही यांच्यामुळे?"

शॉर्टफॉर्मने चष्मा काढून पुसायला घेतला. बहिणीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, पत्राची घडी घातली आणि निघून गेली.

त्या मेलेल्या मजुराला तीन भाऊ होते. पत्रातली ओळ त्यांच्यापर्यंत पोचायला चार दिवसही लागले नाहीत. भर सकाळी ते धाकटीच्या दाराशी आले. एकाच्या हातात पाइपाचा तुकडा होता. खिडकीच्या काचा गेल्या, दाराची वरची फळी गेली, आणि मधल्या भावाने तिला केसांना धरून उंबऱ्याबाहेर ओढलं. "तुझ्या नवऱ्याने आमचा माणूस जाळला," एवढं एकच वाक्य तो म्हणत होता आणि मारत होता. शेजाऱ्यांनी सोडवेपर्यंत तिचा ओठ फाटला होता आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. इस्पितळात शॉर्टफॉर्म तिच्या उशाशी बसला. ती सुजलेल्या तोंडाने म्हणाली, "त्या भावांचं काय चुकलं, दादा? त्या मजुराच्या जागी माझं माणूस असतं तर मीही दगड उचलला असता. पण हे दोनदा विचारायचे रे. प्रत्येक गोष्ट दोनदा. असं कसं झालं यांच्याकडून?"

त्या रात्री तो खोलीवर परतला. त्याने अपघातासाठी सरकारने नेमलेल्या चौकशी समितीला पत्र लिहिलं की मला साक्ष द्यायची आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका कागदावर एकही शब्द आखडून लिहिला नाही.

पुशरला कळायला वेळ लागला नाही. तो खोलीवर आला, चहा मागितला, प्याला, आणि म्हणाला, "सही कुणाची आहे? तुझी. मी एक अक्षर लिहिलेलं नाही. आत जाशील तू." शॉर्टफॉर्म म्हणाला, "जाईन." पुशर उठला. दारापर्यंत गेला, आणि शॉर्टफॉर्म दार लावायला मागोमाग आला तेव्हा त्याने त्याचा उजवा पंजा धरून चौकटीवर दाबला आणि दार ओढलं. एकदा, मग परत एकदा. हाडं मोडल्याचा आवाज उजव्या कानाला स्वच्छ ऐकू आला. "आता लिही," पुशर म्हणाला आणि जिना उतरून गेला.

चौकशी सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, तीन माणसं, मध्ये एक निवृत्त न्यायाधीश बाई. धाकटी मागच्या बाकावर बरगड्यांना पट्टा बांधून बसली होती. पुशर पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. बाईंनी त्या दिवसाचा रिपोर्ट पुढे सरकवला.

"ही सव्वातीनची ओळ. साध्या भाषेत सांगा."

शॉर्टफॉर्मने सांगितलं. पंप बंद करायचा, पंधरा मिनिटं विहिरीच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं, चिखल वर येतो का पाहायचं. निगेटिव्ह म्हणजे नाही आला.

"म्हणजे विहीर शांत होती."

"मला माहीत नाही, बाई. कुणी बघितलंच नाही. पंप बंद झाला आणि लगेच पाइप ओढायला लागले. साहेबांना घाई होती. मी खोलीत बसून लिहिलं."

"न बघता?"

"मी कधीच बघितलेलं नाही. गेली कित्येक वर्षं."

पुशर उठला तो खुर्ची उलटी पाडूनच. टेबल ओलांडून त्याने शॉर्टफॉर्मचा गळा धरला, पाण्याची सुरई फुटली, दोन शिपायांना त्याला ओढता ओढता नाकीनऊ आले. एकाच्या गालावर त्याच्या नखांचे ओरखडे उठले. त्याला बाहेर नेल्यावर खोलीत फक्त धापा टाकल्याचा आवाज राहिला. बाईंनी पाणी पुसायला सांगितलं आणि विचारलं, "आणखी काही?"

शॉर्टफॉर्मने मागे वळून पाहिलं नाही. "डेरिकमनने मला विचारलं होतं. वर चढण्याआधी दारात आले होते. म्हणाले, चेक झाला ना? मी म्हटलं झाला, लिहिलंय. म्हणून ते चढले. त्यांची काही चूक नाही. माझ्या शब्दावर चढले."

त्या संध्याकाळपर्यंत समितीने कंपनीच्या पत्रातली ती ओळ रद्द करायचं ठरवलं होतं. शॉर्टफॉर्मवर खटला होणार हेही ठरलं होतं. पण हे नंतर. साक्ष संपून तो बाहेर आला तेव्हा जेमतेम बारा वाजत होते. धाकटी जिन्याच्या माथ्याशी उभी होती. भिंतीवर गोल घड्याळ होतं.

"त्यांनी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू मान वर करून बघितलंस?"

"नाही."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. बरगड्यांची कळ तिच्याच तोंडावर उमटली, तरी तिने दुसऱ्यांदा मारली, आणि चष्मा फरशीवर जाऊन पडला. शिपाई पुढे आला तसा शॉर्टफॉर्मने डाव्या हाताने त्याला थांबवलं.

"उभा राहा," धाकटीने घड्याळाकडे बोट दाखवलं. "तिकडे बघ. पंधरा मिनिटं."

तो उभा राहिला. ती समोरच्या कठड्याला टेकली. चष्म्याशिवाय काटे त्याला धूसर दिसत होते, पण मोठा काटा हलतो एवढं कळत होतं. माणसं फायली घेऊन दोघांच्या मधून गेली. तिसऱ्या चौथ्या मिनिटाला त्याला वाटलं की बराच वेळ झाला. मग पाय भरून आले. मग मोडलेला हात ठणकायला लागला. खाली रस्त्यावर एक ट्रक आला, रिकामा झाला आणि निघून गेला. बावीस वर्षांत हजारदा लिहिलेली पंधरा मिनिटं तो पहिल्यांदा उभं राहून बघत होता. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि काटाही दिसेना.

मोठा काटा तीनवर आला.

"झाली," धाकटी म्हणाली. ती थोडा वेळ घड्याळाकडेच बघत राहिली. "एवढीच होती, दादा?"

तिने वाकून, कळ सोसत, फरशीवरचा चष्मा उचलला, त्याच्या डाव्या हातात ठेवला आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली.